‘डेड’ म्हणजे नेमके काय?

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात दिवसभरात सर्वाधिक ऐकू येणारा शब्द म्हणजे ‘डेड’. चार्जिंग होत नाही, डिस्प्लेवर काही दिसत नाही, बटण दाबून उपयोग नाही. अशा फोनला गिऱ्हाईकही डेड म्हणते आणि आम्ही टेक्निशियनही. सांगलीतल्या दुकानात काम करताना या शब्दाचे तीन वेगळे अर्थ मला शिकावे लागले. ते शिकवले २०१९ च्या महापुराने.

त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ओसरल्यावर लोक पिशव्या भरभरून फोन घेऊन आले. बरेचसे तांदळाच्या डब्यातून थेट आमच्या टेबलावर आले होते. तांदूळ फोनच्या आतले पाणी ओढून घेत नाही. शिवाय खरा शत्रू नुसते पाणी नसतेच. पुराच्या पाण्यात क्षार आणि गाळ असतो, त्यामुळे त्यातून वीज सहज वाहते. बॅटरी जोडलेली असेल तर त्या प्रवाहाने बोर्डावरचे तांबे विरघळते आणि शेजारच्या बिंदूवर जाऊन साठते. फोन वरून सुकला तरी आत हिरवट गंज उरतो. म्हणून पहिले काम बॅटरी सोडवण्याचे. मग पत्र्याची झाकणे काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुण्याचे.

त्यानंतर बोर्डाला डीसी सप्लायवरून सुमारे चार व्होल्ट द्यायचे. बटण दाबण्याआधी अँपिअरचा काटा शून्याजवळ राहिला पाहिजे. लगेच उसळला तर कुठेतरी शॉर्ट आहे. तो शोधायची जुनी युक्ती राळेची. तापलेली सोल्डरिंग आयर्न राळेला लावली की पांढरा धूर निघतो आणि बोर्डावर त्याची साय धरते. मग सप्लाय चालू केला की शॉर्ट झालेला भाग तापतो आणि नेमकी तिथली साय वितळते. बहुधा मोहरीपेक्षाही लहान एखादा कपॅसिटर निघतो. त्याच लाइनवर तसे आणखी कपॅसिटर असल्याने तो नुसता काढून टाकला तरी पुष्कळदा फोन चालू होतो. हा ‘डेड’चा पहिला अर्थ, आणि आमच्या हातातला.

दुसरा अर्थ बोर्ड जागा होतच नाही तेव्हाचा. पूर्वी अशा वेळी मेमरीची आयसी उपटून वेगळ्या यंत्रावर वाचता येई आणि फोटो परत मिळत. तो रस्ता आता बंद झाला आहे. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून पुरेशा वेगाच्या नव्या फोनना, आणि २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून त्यावर बाजारात येणाऱ्या सर्वच फोनना, आतला मजकूर कुलूपबंद ठेवणे सक्तीचे झाले. या कुलपाची किल्ली दोन भागांची असते: एक मालकाचा पिन, दुसरा कारखान्यातच प्रोसेसरमध्ये कोरलेले गुपित. प्रोसेसर मेला की मेमरी शाबूत असूनही तिच्यात नुसता गोंधळ उरतो. चोरापासून रक्षण करणारी ही योजना चांगलीच आहे. पण तिच्यामुळे आमच्या कामाचे स्वरूप पालटले. आता कित्येकदा आम्ही फोन वापरण्याजोगा करत नाही, फोटो उतरवून घेण्यापुरता अर्धा तास जिवंत ठेवतो.

तिसरा अर्थ मला गावभागातल्या एका काकांनी दाखवला. पुरात बुडालेला फोन त्यांच्या पत्नीचा होता. त्या आदल्या मार्चमध्ये गेल्या होत्या. “त्यात तिचा आवाज आहे,” एवढेच ते म्हणाले. दोन दिवसांच्या खटपटीनंतर एक कपॅसिटर सापडला, डिस्प्ले उजळला, आणि फोनने पिन मागितला. काकांना तो ठाऊक नव्हता. लग्नाची तारीख, मुलीचा जन्मदिवस, सगळे टाकून झाले. चुकीच्या पिनागणिक फोन अधिकाधिक वेळ थांबायला लावू लागला. बोर्डावरचे सगळे व्होल्टेज ठीक होते, म्हणजे माझे काम संपले होते. आणि आवाज मात्र आतच होता.

तेव्हापासून चालू स्थितीतला फोन दुरुस्तीला आला तरी मी दोन प्रश्न विचारतो. फोटोंची प्रत दुसरीकडे आहे का? पिन घरात आणखी कोणाला माहीत आहे का? काहींना हे आगाऊपणाचे वाटते.

काकांनी पत्नीचा नंबर रिचार्ज करून चालू ठेवला होता. निघताना त्यांनी सिम त्या फोनमध्ये घालायला सांगितले आणि स्वतःच्या फोनवरून तो लावला. टेबलावरचा फोन वाजला. काका वाकून डिस्प्लेकडे पाहत राहिले. तिथे फक्त त्यांचा दहा आकडी नंबर दिसत होता.

“नाव का येईना?” त्यांनी विचारले.

चालू झाल्यावर एकदा तरी पिन पडेपर्यंत नावांची यादीही कुलपातच असते, असे मी त्यांना सांगितले. पत्नीने त्यांचा नंबर कोणत्या नावाने ठेवला होता, तेही त्या कुलपातच राहिले.