गुळव्या नसला तर गूळ होईल का?

मागच्या बैठकीत एका वहिनींनी विचारलं, "ताई, दोन महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या, खोकला थांबला. आता आणखी चार महिने कशाला?" त्याचं उत्तर आज मुळापासून सांगते.

टीबीचा जंतू म्हणजे एक बारकं गुऱ्हाळच समजा. त्यात सुमारे ४००० जनुकं असतात. जनुक म्हणजे कामगार कसा घडवायचा याची कृती, आणि त्यातले बरेच कामगार म्हणजे एन्झाइम. कुठला कामगार काढला की गुऱ्हाळ बंद पडतं, हे शास्त्रज्ञ शोधतात. औषधाचा घाव त्याच्यावरच बसायला हवा ना!

शोधायचं कसं? जनुक काढायचं आणि जंतू जगतो का बघायचं. पण नाही जगला, तर काढतानाच काही चुकलं असेल. म्हणून आधी त्याच जनुकाची दुसरी प्रत जंतूला देतात, मग मूळचं काढतात. प्रत असली तरच जंतू जगत असेल, तर ते जनुक त्याला हवंच. बदली गुळव्या असला, तरच पहिल्याला सुट्टी मिळते, तसं.

टीबीवरची आयसोनियाझिड गोळी १९५२ पासून वापरात आहे. ती इनएचए नावाच्या एन्झाइमला अडवते, हे १९९४ मध्ये कळलं. हे एन्झाइम जंतूचं मेणचट कवच घडवायला लागतं. पुढे २००० साली टीबीच्या जंतूच्या एका निरुपद्रवी भावकीतल्या जंतूवर परीक्षा झाली. त्याचं इनएचए ४२ अंश उष्णतेला बंद पडेल असं केलं होतं. उष्णता वाढवली, आणि जंतू फुटून मेले.

मग अडचण कुठे? ही गोळी जंतूत बंद पुडीसारखी जाते. ती कॅटजी नावाचा जंतूचाच दुसरा कामगार उघडतो. पण कॅटजीवाचून जंतू जगू शकतो! एखाद्या जंतूचं कॅटजी आपोआप बिघडतं, पुडी बंदच राहते, आणि तो वाचतो. म्हणून सुरुवातीला चार औषधं एकत्र देतात. एकातून सुटला, तर दुसऱ्यात सापडतो.

खोकला थांबला तरी काही जंतू दबा धरून असतात. मध्येच गोळ्या सोडल्या, तर ते पुन्हा वाढतात, आणि औषधाला न जुमानणारे माजू शकतात. २०१२ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी असे चार रुग्ण नोंदवले, की तपासलेलं एकही औषध त्यांच्या जंतूंवर चालत नव्हतं.

म्हणून वहिनी, डॉक्टर सांगतील तोवर गोळ्या घ्यायच्याच. सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात. उलट्या झाल्या किंवा डोळे पिवळे दिसले, तर घरी बसून ठरवू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, आशाताईंना सोबत घ्या. आणि आपल्या गटात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर थुंकी तपासायला तिच्याबरोबर आपणच जाऊया.