बास्केटबॉलमधील पास आणि त्याचे बालवयातील अध्यापन

बास्केटबॉल हा खेळ इ. स. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने सिद्ध केला. हिवाळ्यात व्यायामशाळेच्या आत खेळता येईल आणि ज्यात आडदांडपणास वाव राहणार नाही असा खेळ त्यास हवा होता. रग्बीत झोंबाझोंबी होते ती चेंडू घेऊन धावणाऱ्यास अडवावे लागते म्हणून. धावण्यासच मनाई केली तर अडविण्याचे कारण उरत नाही, असा त्याचा तर्क होता. त्यानुसार मूळ तेरा नियमांपैकी तिसऱ्या नियमाने, खेळाडूने चेंडू जेथे झेलला तेथूनच तो फेकला पाहिजे, असे बंधन घातले. चेंडूचे टप्पे देत पुढे जाण्याची पद्धत नंतरची होय. सहकाऱ्याकडे चेंडू फेकणे, म्हणजेच पास, हा या खेळाचा पाया आहे हे यावरून ध्यानात येईल.

असे असूनही शालेय सामन्यांत एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. जी मुले सरावाच्या वेळी समोरासमोरच्या रांगांत उभी राहून निर्दोष पास देतात, तीच सामन्यात प्रतिपक्षी अंगावर येताच गोंधळतात. चेंडू एक तर हाती धरून ठेवतात किंवा दिसेल त्या दिशेस भिरकावतात. सराव कमी पडला, असे निदान करून शिक्षक रांगांचा सराव वाढवितात आणि दोष कायम राहतो. नऊ ते बारा वर्षे वयाच्या खेळाडूंपुरता या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पासचे घटक

पासचे पृथक्करण केले असता त्यात चार घटक आढळतात: पाहणे, निवडणे, फेकणे आणि घेणे. पहिले तीन चेंडू बाळगणाऱ्याकडे असतात, चौथा सहकाऱ्याकडे. नित्याच्या पाठात तिसऱ्या घटकासच बहुतेक वेळ मिळतो, कारण तोच डोळ्यांना दिसतो आणि त्यातील चुका दाखविणे सोपे असते.

हा घटक गौण आहे, असे मात्र नव्हे. छातीपासून द्यावयाच्या पासात बोटे चेंडूच्या दोन्ही बाजूंस पसरलेली, अंगठे त्याच्या मागे व कोपरे शरीरालगत असावीत. एक पाऊल सहकाऱ्याच्या दिशेने टाकीत हात सरळ करावयाचे आणि शेवटी मनगटे अशी झटकावयाची की, तळहात बाहेर व अंगठे खाली वळतील. टप्पा पासात चेंडू साधारणपणे दोन-तृतीयांश अंतरावर जमिनीस लागून सहकाऱ्याच्या कमरेपर्यंत उसळावा. तो प्रतिपक्ष्याच्या हातांखालून जातो, परंतु पोहोचण्यास अधिक वेळ घेतो. डोक्यावरून दिलेला पास हात खाली ठेवणाऱ्या प्रतिपक्ष्यापुढे उपयोगी पडतो. यांपैकी प्रत्येक प्रकार म्हणजे प्रतिपक्ष्याच्या विशिष्ट स्थितीस दिलेले उत्तर होय. समोर प्रतिपक्षीच नसेल तर मुलास उत्तरे पाठ होतील, पण प्रश्न कळणार नाही.

ई. सी. पौल्टन याने १९५७ मध्ये कौशल्यांचे ‘बंदिस्त’ आणि ‘खुली’ असे वर्गीकरण सुचविले व बार्बरा नॅप हिने १९६३ मध्ये त्याचा विनियोग क्रीडाक्षेत्रात केला. बास्केटबॉलमधील मुक्त फेक हे बंदिस्त कौशल्य होय. तेथे अंतर व उंची निश्चित असून कोणी अडथळा करीत नाही. पास हे खुले कौशल्य आहे, कारण त्याची परिस्थिती क्षणोक्षणी पालटते. रांगेतील सराव या खुल्या कौशल्यास बंदिस्त करून शिकवितो. वर वर्णिलेल्या विसंगतीचे मूळ येथे आहे.

काळ व अंतर यांचा हिशेब

पासचा अर्धा भार घेणाऱ्यावर असतो, हे एका साध्या हिशेबाने दाखविता येते. दोन सहकारी एकमेकांपासून ६ मीटरांवर आहेत असे समजू. चेंडूचा वेग सेकंदास ८ मीटर असेल तर तो ०.७५ सेकंदात पोहोचेल. लहान मुलाने तो ५ मीटर वेगाने फेकला तर १.२ सेकंद लागतील. प्रतिपक्ष्यास फेक ओळखून हालण्यास ०.२५ सेकंद लागतो व नंतर तो सेकंदास ३ मीटर वेगाने सरकतो असे धरले, तर पहिल्या पासाच्या वेळी तो १.५ मीटर, परंतु दुसऱ्याच्या वेळी सुमारे २.८५ मीटर अंतर कापू शकेल. आता हेच अंतर ३ मीटरांवर आणले, तर ५ मीटर वेगाचा दुबळा पासही ०.६ सेकंदात पोहोचतो आणि प्रतिपक्ष्यास केवळ १ मीटरच्या आसपास सरकता येते. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. परंतु त्यांतून निघणारे तत्त्व आकड्यांवर अवलंबून नाही. ज्या मुलाच्या हातात जोर कमी आहे त्यास ‘जोराने फेक’ असे सांगण्यापेक्षा त्याच्या सहकाऱ्यास ‘चेंडूकडे ये’ असे सांगणे अधिक फलदायी ठरते.

साधनांचाही विचार येथेच केला पाहिजे. मिनी-बास्केटबॉलमध्ये पाच क्रमांकाचा, सुमारे अर्धा किलोग्रॅम वजनाचा चेंडू वापरतात व कडे ३.०५ मीटरांऐवजी २.६० मीटर उंचीवर असते. मोठा सात क्रमांकाचा चेंडू लहान हातांत दिला की मूल मनगटांऐवजी खांद्याच्या झोक्याने फेकू लागते आणि ती सवय पुढे मोडणे कठीण जाते.

सरावाची रचना

जॉन शी व रॉबिन मॉर्गन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा आहे. लाकडी अडथळे हाताने ठराविक क्रमाने पाडण्याच्या तीन कृती त्यांनी दोन गटांस शिकविल्या. एका गटाने एक कृती पुरी करून मग दुसरी हाती घेतली. दुसऱ्याने तिन्ही मिसळून केल्या. सराव चालू असता पहिला गट सरस दिसला. परंतु दहा दिवसांनंतरच्या चाचणीत मिश्र सराव करणाऱ्यांचीच सरशी झाली. प्रयोगशाळेतील साध्या हालचालींवरून क्रीडांगणाविषयी सरळ अनुमान काढणे धाडसाचे होईल. प्रत्यक्ष खेळांच्या अभ्यासात हा परिणाम नेहमीच तितका ठळक आढळलेला नाही, व अगदी नवशिक्यास आरंभी एकाच कृतीचा थोडा सराव उपकारक ठरतो. तथापि सरावाच्या वेळचा सफाईदारपणा हा शिक्षणाचा पुरावा नव्हे, ही जाणीव शिक्षकाने बाळगली पाहिजे. खेळाची समज आधी व तंत्र गरजेनुसार, हा बंकर आणि थॉर्प यांनी १९८२ मध्ये मांडलेला विचारही याच दिशेचा आहे.

यास अनुसरून चार पायऱ्या सुचविता येतील. पहिल्या पायरीवर मुलांनी जोडीने, तीन-चार मीटरांवरून, पाच-सात मिनिटेच पास द्यावेत. घेणाऱ्याने दोन्ही हात पुढे करून चेंडू कोठे हवा ते दाखवावे. दुसरी पायरी तिघांविरुद्ध एक अशी. सुमारे ५ मीटर बाजूच्या चौकोनात टप्पे देण्यास मनाई असावी. प्रतिपक्ष्याने प्रथम नुसते चालावे, मग धावावे. येथे देणाऱ्यास दोहोंतून एक निवडावा लागतो व उरलेल्या दोघांस प्रतिपक्ष्याच्या आडून बाहेर यावे लागते. आपल्याकडील मुलांस खो-खोचा अनुभव असतो. बसलेल्यांपैकी कोणास व केव्हा खो द्यावा हे तेथे धावताधावताच ठरवावे लागते, याची आठवण करून दिल्यास त्यांना हा विचार परका वाटत नाही. तिसऱ्या पायरीवर पास देताच जागा बदलण्याचे बंधन घालावे. चौथ्या पायरीवर अर्ध्या मैदानात तिघांविरुद्ध तिघे, टप्पे न देता खेळावेत. अशा रीतीने मुले नेस्मिथच्या मूळ नियमाशीच येऊन पोहोचतात.

मोठ्या वर्गास हे परवडेल काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. चाळीस विद्यार्थी व पाच चेंडू आहेत असे धरू. आठआठांच्या रांगांत दर तीन सेकंदांस एक पास झाला तर प्रत्येकाच्या वाट्यास मिनिटास अडीच पास येतात. त्याच आठांपैकी चौघे आळीपाळीने दुसऱ्या पायरीचा सराव करू लागले आणि दर चार सेकंदांस एक पास झाला, तर वाटा सुमारे दोनाचा होतो. पासांची संख्या थोडी घटते. परंतु प्रत्येक पासात पाहणे व निवडणे अंतर्भूत होते.

मूल्यमापन

केवळ यशस्वी पासांची संख्या मोजल्यास जोखीम टाळून मागे चेंडू देणाराच गुणवान ठरेल. म्हणून शिक्षकाने तीन गोष्टी टिपाव्यात: मोकळा सहकारी पुढे असता तो निवडला गेला काय, चेंडू पुढील हालचाल करता येईल अशा स्थितीत पोहोचला काय, आणि प्रत्येक मुलाकडे चेंडू किती वेळा आला.

यांपैकी तिसरी नोंद सर्वांत मोलाची आहे. ज्याच्याकडे चेंडू क्वचित येतो त्यास घेण्याचा सराव मिळत नाही. तो मागे पडतो आणि म्हणून चेंडू आणखी विरळा येतो. काही दिवसांनी असे मूल मैदानावर असूनही खेळाबाहेर जाते व पुढे येण्याचेच सोडते. ते स्वतः प्रतिपक्ष्याच्या आड उभे राहते की मोकळे असूनही सहकारी त्यास टाळतात, हे पाहिले पाहिजे, कारण दोहोंचे उपाय भिन्न आहेत. पहिल्यास जागा घेण्याचे शिक्षण हवे. दुसऱ्या बाबतीत शिक्षण इतरांस द्यावयाचे असते. तिघांनीही चेंडू हाताळल्याखेरीज गुण नाही, असा नियम काही काळ लावता येतो. मात्र तो फार ताणल्यास मुले मोकळ्याकडे न पाहता पाळीप्रमाणे चेंडू देऊ लागतात आणि निवडीचे शिक्षणच नाहीसे होते.

सारांश, पास ही दोघांची व तिसऱ्याच्या विरोधात घडणारी कृती आहे. तिचा एकच हात शिकवून दुसरा विसरल्यास सामन्यात ती मोडावी यात नवल नाही. निवड करण्याची संधी सर्व मुलांस मिळते की मोजक्यांनाच, यावर शाळेतील बास्केटबॉल हे शिक्षण आहे की निव्वळ निवडचाचणी, हे अवलंबून राहील.