गाडीचा चेंबर का गळतो?

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटी नाक्यापासून तलासरीपर्यंत रस्त्याच्या कडेने लहानमोठी गॅरेजे लागतात. गेल्या पावसाळ्यात अशाच एका गॅरेजात थांबण्याचा प्रसंग आला. तेथे पाड्यावरून माणसांची ने-आण करणारी एक जीप उभी होती. तिच्या इंजिनाखाली काळ्या तेलाचे थारोळे साचले होते. चालक काकुळतीला येऊन सांगत होता, "मिस्त्री, आठ दिवसांत तीनदा बोल्ट आवळले. जितके आवळावे तितके जास्तच ठिबकते!"

मिस्त्रीने गाडीखाली डोके घातले, बॅटरी मारून पाहिले आणि म्हणाला, "भाऊ, आवळून आवळूनच तर चेंबर वाकवलाय तुम्ही."

विद्यार्थी मित्रहो, हे उत्तर ऐकून आपल्याला नवल वाटेल. झाकण घट्ट आवळले की गळती थांबते, असा आपला नेहमीचा अनुभव. मग येथे उलटे कसे झाले? त्याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे. ते आपण क्रमाक्रमाने पाहू.

चेंबर म्हणजे काय?

इंजिनाच्या अगदी तळाशी पत्र्याचे किंवा ॲल्युमिनिअमचे एक पसरट भांडे बोल्टांनी बसविलेले असते. त्यात इंजिन ऑइल साठते. इंग्रजी पुस्तकांत त्याला ऑइल पॅन किंवा संप म्हणतात, पण आपल्याकडचे मिस्त्री त्याला सरळ 'चेंबर' म्हणतात. बोलेरोसारख्या डिझेल गाड्यांत साधारण पाच-सहा लिटर ऑइल असते. चेंबरमधले ऑइल पंप वर खेचतो, फिरत्या भागांना पोचवितो आणि ते ओघळून पुन्हा चेंबरमध्ये येते. धातूवर धातू घासू न देणे आणि उष्णता वाहून नेणे ही त्याची मुख्य कामे. ऑइल फार कमी झाले की पंपाच्या तोंडात हवा शिरते, बेअरिंगे कोरडी पडतात, तापतात आणि शेवटी इंजिन जाम होते. ही गाडी रात्री-अपरात्री एखाद्या आजाऱ्याला दवाखान्यात नेत असेल, तर थेंबाथेंबाची ही गळती केवळ खर्चाची बाब राहत नाही.

चेंबर आणि इंजिन यांच्या सांध्यात कॉर्क, रबर किंवा दोहोंच्या मिश्रणाची एक पातळ पट्टी बसवितात. तिला गॅस्केट किंवा पॅकिंग म्हणतात. घरच्या प्रेशर कुकरची रबरी रिंग आठवा. गॅस्केटचे काम तेच. यंत्रावर घासून गुळगुळीत केलेला धातूही सूक्ष्मदर्शकातून पाहिला तर डोंगर-दऱ्यांसारखा खडबडीत दिसतो. अशा दोन पृष्ठांमध्ये बारीक फटी राहतातच. मऊ गॅस्केट दाबले गेले की ते या दऱ्यांत शिरते आणि फटी बुजवते.

दाब एवढासा, मग गळती का?

समजा, चेंबरमध्ये सांध्याच्या वर १० सेंटिमीटर उंचीचे ऑइल आहे. ऑइलची घनता दर घनमीटरला सुमारे ८७० किलोग्रॅम धरू. द्रवाचा दाब म्हणजे घनता × गुरुत्व त्वरण × उंची. म्हणून ८७० × ९.८ × ०.१ = सुमारे ८५० पास्कल. वातावरणाचा दाब एक लाख पास्कलहून थोडा जास्त असतो. म्हणजे ऑइलचा हा दाब त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकाही नाही! एवढ्याशा दाबाने ऑइल बाहेर येते, याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण उष्णता. द्रवाच्या दाटपणाला शास्त्रीय भाषेत श्यानता म्हणतात. १५-डब्ल्यू-४० या प्रकारच्या ऑइलची श्यानता ४० अंश सेल्सिअसला जेवढी असते, तिच्या साधारण सातव्या हिश्श्याइतकीच ती १०० अंशाला उरते. थंड असताना मधासारखे सुस्त असणारे ऑइल गाडी तापल्यावर सळसळू लागते. म्हणून रात्रभर कोरडी राहिलेली गाडी डहाणूहून जव्हारचा घाट चढून आली की ठिबकू लागते.

दुसरे कारण ऑइलचा पृष्ठताण. तो पाण्याच्या पृष्ठताणाच्या निम्म्याहून कमी असतो. शिवाय ऑइल धातूला सहज चिकटून पसरते. त्यामुळे जेथे पाण्याचा थेंब अडकून बसेल, अशा बारीक फटीतही ते केशाकर्षणाने शिरते.

तिसरे कारण इंजिनाच्या आतील वायू. सिलिंडरमधला थोडा वायू पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने निसटून खाली येतो. त्याला वाट देण्यासाठी ब्रीदर नावाची नळी असते. ती काजळीने तुंबली की आतला दाब वाढतो आणि ऑइलला बाहेर ढकलतो. अशा वेळी कितीही गॅस्केटे बदला, गळती पुन्हा सुरू होते. म्हणून हुशार मिस्त्री आधी ब्रीदर पाहतो.

फटीचा घन

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. फट दुप्पट झाली तर गळती किती वाढेल? दुप्पट, असे आपण चटकन म्हणू. पण ते बरोबर नाही.

फटीच्या दोन्ही भिंतींना लागून असलेला ऑइलचा थर भिंतीला चिकटून स्थिर राहतो. मधले थर एकमेकांवरून सरकतात. फट रुंद झाली की मधले थर भिंतीच्या अडवणुकीपासून दूर जातात आणि त्यांचा वेग फटीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शिवाय वाहण्याची जागाही फटीच्या प्रमाणात वाढते. दोन्हींचा गुणाकार केला की गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, असे दिसते. म्हणजे फट दुप्पट झाली तर गळती आठपट, आणि तिप्पट झाली तर सत्तावीसपट! उलट, फट निम्मी करता आली तर गळती एक अष्टमांश होते. चेंबरच्या काठाला दिसेल न दिसेल असा बाक आला तरी एवढा फरक का पडतो, हे यावरून ध्यानात येईल.

बोल्टाची ताकद

तो बाक येतो कोठून? चेंबरचे बोल्ट बहुधा ६ मिलिमीटर जाडीचे असतात. त्यांच्या आट्यांतील अंतर १ मिलिमीटर असते. २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याने बोल्ट एक फेरा फिरविला तर आपला हात सुमारे १२६ सेंटिमीटर फिरतो आणि बोल्ट केवळ १ मिलिमीटर पुढे सरकतो. म्हणजे बलाची वाढ साडेबाराशे पटींहून अधिक! प्रत्यक्षात आटे आणि बोल्टाचे डोके यांच्या घर्षणातच आपल्या श्रमाचा बहुतेक भाग, दहापैकी साडेआठ हिश्श्यांहून अधिक, खर्च होतो. तरीही हाताने ५ किलोग्रॅम वजनाइतका जोर लावला तर बोल्ट चेंबरला सुमारे ८०० किलोग्रॅम वजनाइतक्या बलाने आवळतो. पाच किलोची पिशवी तर तुम्ही सहज उचलता. आता चालकाने पान्याला लोखंडी नळी जोडून अंगाचा भार टाकला असेल तर काय होईल, याची कल्पना करा. एक तर बोल्ट तुटतो किंवा आटे जातात. नाहीतर चेंबरचा पातळ पत्रा भोकापाशी वर खेचला जातो आणि दोन बोल्टांच्या मधल्या जागी सांध्यापासून दूर सरकतो. मधली फट वाढते आणि घनाचा नियम आपले काम करतो.

पत्र्याचे छप्पर ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे नवे नाही. पत्र्याचा स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळला की तेथे खळगा पडतो, त्यात पाणी साचते आणि घर गळते. चेंबरचेही तसेच.

आपल्या भागातील चेंबराला आणखी दोन शत्रू आहेत. पाड्यावरच्या खडकाळ वाटांवर दगड लागून तळाला पोचे येतात. डहाणू-बोर्डीच्या किनाऱ्यावरील खाऱ्या हवेने आणि खाली चिकटून ओल्या राहिलेल्या चिखलाने पत्रा गंजतो व त्याला सुईएवढी छिद्रे पडतात. छिद्र असले तर गॅस्केट बदलून काय उपयोग?

दुरुस्ती कशी करतात?

प्रथम गळतीचे उगमस्थान शोधावे लागते. ऑइल खाली ओघळते आणि गाडी चालू असताना वाऱ्याने मागे पसरते. म्हणून चेंबर भिजलेला दिसला तरी मूळ दोष वरच्या टॅपेट कव्हरात, ऑइल फिल्टरात किंवा मागच्या ऑइल सीलमध्ये असू शकतो. चांगला मिस्त्री इंजिन पुसून कोरडे करतो, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरतो आणि थोडा वेळ इंजिन चालवितो. पांढऱ्या पावडरीवर पहिली काळी रेघ जेथे उमटते, तेथे दोष. पुष्कळदा तो ऑइल काढायच्या नटाखालच्या वॉशरात सापडतो आणि काम काही रुपयांत भागते.

दोष खरोखर चेंबरच्या सांध्यात असेल तर ऑइल काढून चेंबर उतरवितात. काठ सपाट ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने ठोकून सरळ करतात. जुने गॅस्केट खरवडून दोन्ही पृष्ठे स्वच्छ व कोरडी करतात. नवे गॅस्केट बसविल्यावर बोल्ट आधी हाताने लावतात. मग मधून टोकांकडे, समोरासमोरच्या जोड्यांनी, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळतात. एकच बाजू आधी आवळली तर दुसरी उचलली जाते. किती आवळावे, हे गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. टॉर्क पाना वापरला तर अंदाजावर राहावे लागत नाही.

काही इंजिनांत गॅस्केटऐवजी सिलिकॉन लावतात. ते हवेतल्या बाष्पाने घट्ट होते. म्हणून ट्यूबवर लिहिलेला वेळ थांबूनच ऑइल भरावे. "थोडे जास्त लावले तर बरे" हा विचार मात्र महागात पडतो. जास्तीचे सिलिकॉन आत तुटून पडते आणि पंपाच्या जाळीत अडकते.

एक सूचना. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही शिरू नये. खाली भक्कम आधार असलाच पाहिजे. शिवाय गरम ऑइलने हात भाजतो. हे काम जाणत्या माणसाचे आहे. आपण पाहावे आणि प्रश्न विचारावेत.

एका थेंबाचा हिशेब

दर १० सेकंदांना एक थेंब पडतो आणि गाडी दिवसाला ८ तास चालते, असे समजा. दिवसाचे थेंब झाले २,८८०. सुमारे ३० थेंबांचा १ मिलिलिटर धरला तर रोज जवळजवळ १०० मिलिलिटर, म्हणजे दहा दिवसांत एक लिटर! पुष्कळ गाड्यांत ऑइल मोजायच्या पट्टीवरील वरच्या आणि खालच्या खुणांत अंतर असते साधारण तेवढेच.

हे ऑइल जाते कोठे? पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यात इंद्रधनुष्यी रंगांचा तवंग आपण पाहतोच. तवंगाच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून हे रंग दिसतात. त्यासाठी तवंगाची जाडी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी असली तरी चालते. एवढ्या जाडीचा तवंग १०० मिलिलिटर ऑइलपासून २०० चौरस मीटर जागेवर पसरेल. हे वर्गाच्या चार खोल्यांएवढे झाले. लंडनजवळच्या तळ्यावर चमचाभर तेल अर्ध्या एकरावर पसरल्याचे बेंजामिन फ्रँकलिनने नोंदविले होते. त्याचा वृत्तांत १७७४ साली छापला गेला.

डहाणू तालुका केंद्र सरकारने १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. त्यावर लक्ष ठेवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ साली प्राधिकरण नेमले गेले. येथल्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कारखान्यांवर नियम आहेत, पण गाडीखालच्या थेंबावर कोणाची नजर? ती आपलीच असली पाहिजे. चेंबर उतरविताना काढलेले जुने ऑइल गटारात किंवा बांधावर ओतू नये. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात मोडते आणि नोंदणीकृत संकलकाकडेच द्यावयाचे असते.

करून पाहा

१. एका जाड लाकडी पट्टीवर मधोमध स्पंजची लांब चकती ठेवा. वर पातळ प्लॅस्टिकची पट्टी ठेवून दोन्ही टोके दोऱ्याने बांधा. दोरे हळूहळू आवळा. वरची पट्टी मध्ये कशी फुगते, ते पाहा. वाकलेल्या चेंबरचा हा नमुना.

२. डहाणूत रबरी फुगे बनविण्याचा उद्योग आहे. फुग्याचे दोन सारखे तुकडे कापा. एक पाण्यात व एक थोड्या इंजिन ऑइलमध्ये आठ दिवस ठेवून मोजा. ऑइलमधला तुकडा फुगतो आणि दुबळा होतो. म्हणूनच ऑइलच्या जागी साधे रबर न वापरता नायट्राइल रबर वापरतात.

३. शाळेत येणाऱ्या गाडीखाली, ती उभी असताना, चालकाला विचारून एक पांढरा पुठ्ठा सरकवा. तासाभराने थेंब मोजा आणि वर केला तसा हिशेब करून चालककाकांना दाखवा.

त्या गॅरेजातील मिस्त्रीने जीपच्या चेंबरचा काठ ठोकून सरळ केला, नवे गॅस्केट घातले आणि बोल्ट बेताने आवळले. जाताना चालकाला त्याने एवढेच सांगितले, "आता ठिबकले तर माझ्याकडे या. पाना मात्र हातात घेऊ नका."