सूर्यदेव आला कोठून?

आमच्या घरातली मुले शाळेतून आली की मोबाईलवर 'वन पीस' लावून बसतात. समुद्री चाच्यांची ही जपानी कार्टून मालिका. आम्ही प्रथम नाक मुरडले. पण एके दिवशी नववीतला पुतण्या म्हणाला, "काका, यात गुलामांचा देव आहे. तो आला कुठून, यावर सगळे भांडतात." मग आम्हीही बसलो.

एइचिरो ओडा यांची मूळ चित्रकथा १९९७ साली एका जपानी साप्ताहिकात सुरू झाली. नायक लुफी लहानपणी एक सैतानी फळ खातो आणि त्याचे अंग रबरासारखे ताणू लागते. फळ रबराचेच, असे वाचक वर्षानुवर्षे धरून चालले होते. २०२१ साली कथेत निका या सूर्यदेवाचे नाव प्रथम आले. पूर्वीचे गुलाम त्याची वाट पाहत. तो हसवील, सोडवील, ही त्यांची आशा. मार्च २०२२ मध्ये उलगडा झाला, की लुफीचे फळ या निकाचेच; सरकारने त्याचे खरे नाव दडवून ठेवले होते.

झाले! चाहत्यांत दोन तट पडले. एक तट म्हणतो, लुफी हा आठशे वर्षांपूर्वीच्या जॉय बॉयचा पुनर्जन्म, सारे आधीच ठरलेले. यावर पुष्कळजण नाराज आहेत. मार खाऊन, डोके लढवून जिंकणारे पोर एकदम देव निघाले, तर त्याच्या कष्टांचे काय? आम्हालाही तेच वाटले. अवतारांच्या गोष्टी आपल्याला काही नव्या नाहीत.

दुसरा तर्क मात्र आम्हाला पटला. २०२२ च्याच अखेरीस कथेतला शास्त्रज्ञ वेगापंक सांगतो, की ही फळे माणसांच्या इच्छेतून जन्मतात. म्हणजे निका आभाळातून उतरलेला नाही. बेड्यांतल्या माणसांनी सुटकेची आस धरली, तिलाच हे फळ आले! २०२३ मध्ये आलेला कुमाचा प्रसंग पाहा. लहानपणीच गुलाम झालेल्या त्या मुलाला बाप निकाची गोष्ट सांगतो, ढोलाचा ठेका तोंडाने वाजवून नाचून दाखवतो. गोंगाट नको म्हणून मालक बापाला गोळी घालतो. हे पाहताना घरात कोणी बोलले नाही.

आमचा आवडता मात्र फिशर टायगर. हा मत्स्यमानव स्वतः गुलामीतून पळाला आणि इतरांना सोडवायला नुसत्या हातांनी प्रचंड लाल कडा चढून परत गेला. मत्स्यमानव असो वा माणूस, त्याने सर्वांच्या बेड्या तोडल्या. मालकांनी गुलामांच्या अंगावर खुराचा डाग दिलेला असे. टायगरने त्यावर सूर्याचे चिन्ह डागले. जे कधी गुलाम नव्हते त्या साथीदारांनीही ते घेतले, म्हणजे कोण गुलाम होता हे ओळखूच येऊ नये.

पण सूर्यच का? चाहत्यांचा अंदाज असा, की गुलामीत असताना टायगरच्या कानावर निकाची गोष्ट आली असावी. आम्ही हे पुतण्याला मोठ्या उत्साहाने सांगितले. तो म्हणाला, "असेल. पण काका, डाग झाकायला मोठे चिन्ह लागते, आणि सूर्य काढायला सोपा."

त्याच्या आईला हे अधिक पटले.