रुळांच्या सोबतीने सायकल : कल्याण ते कसारा

कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलने टिटवाळा मागे टाकले की खिडकीबाहेरचे दृश्य पालटते. इमारती विरळ होतात, भातखाचरे लागतात आणि आसनगावच्या अलीकडेच माहुलीचे सुळके दिसू लागतात. हाच प्रवास तंबू लादलेल्या सायकलवरून दोन-तीन दिवसांत करता येईल का, असा विचार ठाणे-डोंबिवलीच्या सायकलस्वारांच्या मनात येणे साहजिक आहे.

परदेशात अशा भ्रमंतीसाठी 'रेल ट्रेल' असतात. बंद पडलेल्या लोहमार्गाचे रूळ काढून तेथे पादचारी व सायकलस्वारांसाठी वाट केली जाते. न्यूझीलंडमधील ओटागो सेंट्रल रेल ट्रेल १५२ किलोमीटरची असून ती २००० साली खुली झाली. अमेरिकेतील ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज ही सुमारे २४० किलोमीटरची वाट २०१३ मध्ये पूर्ण झाली. वाटेत मुक्काम करीत लोक या वाटा काही दिवसांत पार करतात.

या वाटांचे खरे सुख निसर्गाइतकेच चढाच्या प्रमाणात आहे. पोलादी रुळावर पोलादी चाक सहज घसरते. त्यामुळे लोहमार्ग आखताना डोंगर तासून, भराव घालून, वळसे घेऊन चढ सौम्य ठेवावा लागतो. थळ घाटातील १:३७ हा चढ रेल्वेच्या दृष्टीने अत्यंत तीव्र. म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची. ओझे लादलेल्या सायकलला मात्र तो दम न लागता झेपतो.

मग आपल्याकडे अशी वाट का नाही? कारण येथील मार्ग मेलेलाच नाही. १८५४ मध्ये कल्याणला, १८६१ मध्ये कसाऱ्याला आणि १८६५ मध्ये घाट चढून इगतपुरीला पोचलेली रेल्वे आजही देशाच्या प्रमुख मार्गांपैकी एक आहे. कल्याण-कसारा तिसऱ्या मार्गिकेचे कामही हाती घेतलेले आहे. विदर्भातील 'शकुंतला'ची गाडी थांबली; पण तेथील लोकांची मागणी सायकलवाटेची नाही, रुंद रुळांवरून गाडी पुन्हा धावावी अशी आहे. ती रास्तही आहे. ज्या गावाला एस.टी. दुर्मीळ, त्याला रूळ उखडण्याचे कौतुक कसे वाटावे?

तेव्हा उरतो तो समांतर प्रवास. रुळांलगत सायकल नेणे हा मोह टाळावाच. रेल्वे कायदा १९८९च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत अनधिकृत प्रवेश हा गुन्हा आहे. कल्याणहून कसारा रुळांवरून ६७ किलोमीटर भरते, रस्त्याने थोडे अधिक. वासिंदपर्यंत शक्य तितके गावरस्ते धरावेत. पुढे बराच भाग मुंबई-नाशिक महामार्गाला पर्याय नाही. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, पण तेथे सायकलला मज्जाव आहे. पहिला मुक्काम आसनगाव परिसरात, दुसरा खर्डी-कसाऱ्याजवळ, अशी विभागणी सोयीची.

मुक्कामाचा प्रश्न अधिक नाजूक. परदेशी वाटांवर असतात तसे ठरावीक तंबूतळ येथे नाहीत. तानसा अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्र काढता येत नाही. शेतमालकाला विचारून त्याच्या खळ्यावर तंबू टाकणे सर्वांत बरे. खडवलीला भातसेचा काठ कितीही मोहक दिसला तरी पावसाळ्यात तेथे थांबू नये. धरणातून पाणी सोडले की पात्र झपाट्याने भरते. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ योग्य.

एक दिलासा मात्र या मार्गाइतका क्वचितच कोठे मिळतो. सायकल मोडली, पाय थकले, तरी पुढचे स्थानक सहा ते तेरा किलोमीटरच्या आत असते. सायकल गाडीत घेण्याचे नियम तेवढे निघण्यापूर्वी स्थानकावर विचारून ठेवावेत.

कसाऱ्यापुढचा रस्ता अवजड वाहनांचा. घाट चढायचाच असेल तर तो पहाटे, उजेड होताच चढावा; अन्यथा कसाऱ्यालाच थांबून, गाडीच्या मागे जादा इंजिने जोडून तिला घाटावर ढकलत नेताना पाहावे.