माळ्यावरचे खेळ आणि ज्ञानपंचमी

दिवाळीपूर्वीची झाडझूड ही व्यापारी घराची वार्षिक तपासणीच असते. मोंढ्यातील दुकानात गादीच्या खोळी बदलल्या जातात, जुने रोजमेळ आणि खतावण्या कापडात बांधून माळ्यावर जातात आणि त्या निमित्ताने माळाही रिकामा होतो. परभणी, सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड येथील अनेक घरांत या झाडझुडीत एक वस्तू हल्ली हमखास हाती लागते. ती म्हणजे पिवळट पडलेला जुना संगणक, आणि त्याच्या शेजारी खोक्यात भरून ठेवलेल्या फ्लॉपी व सीडी.

१९९०च्या दशकात हे यंत्र घरात आले ते सरकी, तूर आणि ज्वारीच्या अडतीचे हिशेब ठेवण्यासाठी. दिवसा त्यावर खतावणी होई आणि सायंकाळच्या आत चौविहार आटोपला की त्याचा ताबा मुलांकडे जाई. जॉन रोमेरो यांचा ‘डेंजरस डेव्ह’, जॉर्डन मेकनर यांचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ ही नावे त्या पिढीला आजही तोंडपाठ आहेत. ती मुले आता चाळिशी ओलांडून स्वतः दुकान सांभाळतात. त्यांचीच मुले ती चौकोनी काळी तबकडी हातात घेऊन विचारतात, ‘बाबा, हे चालते का?’

चालते, मात्र नव्या संगणकाला जुने खेळ का उमगत नाहीत, हे आधी समजून घ्यावे लागते.

पहिली अडचण भाषेची आहे. डॉसच्या काळातील प्रोग्राम १६ बिटांच्या रचनेवर लिहिलेले होते. पुढे ३२ बिटांचे विंडोज आले, तेव्हा त्यात जुन्या प्रोग्रामांसाठी एक दुभाषी ठेवलेला होता. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये हा दुभाषी उरला नाही आणि २०२१ साली आलेले विंडोज ११ तर केवळ ६४ बिटांतच मिळते. त्यामुळे जुना खेळ सुरू करताच ‘हा प्रोग्राम या संगणकावर चालणार नाही’ अशा अर्थाची सूचना येते आणि पुष्कळ जण तेथेच प्रयत्न सोडून देतात.

दुसरी अडचण वेगाची. १९८१ सालच्या पहिल्या आयबीएम पीसीच्या घड्याळाचे ठोके सेकंदाला सुमारे ४७ लाख ७० हजार पडत. आजच्या साध्या संगणकात हा आकडा ३०० कोटींच्या घरात असतो. त्या काळातील काही खेळांनी यंत्राच्या वेगावरूनच स्वतःची चाल ठरवलेली होती. असा खेळ नव्या यंत्रावर कसाबसा सुरू केला, तरी त्यातील पात्रे डोळ्यांचे पाते लवण्याआधीच पडद्यापलीकडे जातात. जुन्या कॅबिनेटवर ‘टर्बो’ नावाचे एक बटण असे. नावावरून ते वेग वाढवणारे वाटे. प्रत्यक्षात जुन्या प्रोग्रामांसाठी यंत्राला मुद्दाम संथ करण्याची सोय त्यात होती.

तिसरी अडचण आवाजाची. जुने खेळ साउंड ब्लास्टरसारख्या विशिष्ट कार्डाशी थेट बोलत. आजच्या संगणकात ते कार्ड नसते आणि विंडोज कोणत्याही प्रोग्रामला अशी थेट बोलणी करू देत नाही.

या तिन्ही अडचणींवर एकच तोडगा आहे आणि तो कल्पक आहे. खेळाला नव्या यंत्राची भाषा शिकवण्याऐवजी नव्या यंत्राच्या पोटातच जुने यंत्र उभे करायचे. ‘डॉसबॉक्स’ हा विनामूल्य प्रोग्राम नेमके हेच करतो. पीटर वीनस्ट्रा आणि शुर्ड फान डेर बर्ग या दोघा डच प्रोग्रामरांनी सुरू केलेले हे काम २००२ पासून लोकांना उपलब्ध आहे. तो सुरू केला की एक काळी चौकट उघडते. त्या चौकटीत जुना प्रोसेसर, जुनी स्मृती आणि जुने साउंड ब्लास्टर कार्ड यांची हुबेहूब बतावणी चालू असते. खेळाला वाटते, आपण आपल्याच काळात आहोत.

कृती अवघड नाही. खेळाच्या फाइली एका फोल्डरमध्ये ठेवाव्यात. फोल्डरचे नाव रोमन लिपीत आणि आठ अक्षरांच्या आत असावे, कारण डॉसला त्याहून लांब नाव पेलत नाही. मग ‘माउंट’ ही आज्ञा देऊन ते फोल्डर डॉसबॉक्सला ‘सी’ ड्राइव्ह म्हणून दाखवावे आणि खेळाची मुख्य फाइल चालवावी. खेळ फार वेगाने पळत असेल तर कंट्रोल आणि एफ-११ या कळा एकत्र दाबल्या की तो संथ होतो. कंट्रोल आणि एफ-१२ दाबल्या की वेग वाढतो. माउस चौकटीत अडकला तर कंट्रोल आणि एफ-१० दाबल्यावर सुटतो. एवढे ज्ञान बहुतेक डॉस खेळांना पुरते.

विंडोज ९५ आणि ९८ च्या काळातील सीडीवरचे खेळ थोडा अधिक त्रास देतात. काही खेळ फाइलच्या गुणधर्मांत जाऊन ‘कंपॅटिबिलिटी’ हा पर्याय निवडला की चालू लागतात. मात्र त्या काळच्या कित्येक सीडींवर नक्कल रोखण्यासाठी ‘सेफडिस्क’ नावाचे कुलूप बसवलेले होते. सुरक्षेच्या कारणास्तव विंडोज १० ने त्या कुलपाची किल्लीच काढून टाकली. परिणामी रोख पैसे मोजून घेतलेली अस्सल सीडीही आज मुकी होऊन बसते.

याहून मोठा प्रश्न तबकडीच्या आयुष्याचा आहे. फ्लॉपीवरील नोंद चुंबकीय असते आणि ती काळानुसार क्षीण होते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे नेणाऱ्या आणि पावसाळ्यात दमट होणाऱ्या आपल्या भागात माळ्यावरच्या फ्लॉपीला बुरशीही लागते. अशी फ्लॉपी यंत्रात घालून पुन्हा पुन्हा फिरवली तर उरलेली नोंदही खरवडली जाते. म्हणून आधी तिची खिडकी सरकवून आत डाग दिसतो का ते पाहावे, लेखनबंदीची खिट्टी लावावी आणि पहिल्याच वाचनात संपूर्ण नक्कल काढून घ्यावी. साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबीला जोडणारा ड्राइव्ह मिळतो. सव्वापाच इंची फ्लॉपीसाठी मात्र जुने यंत्रच शोधावे लागते.

खुद्द निर्मात्यांनाही ही वेळ चुकलेली नाही. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ १९८९ साली अ‍ॅपल-२ या संगणकासाठी प्रथम प्रसिद्ध झाला. त्याचा मूळ आराखडा, म्हणजे मेकनर यांनी ओळ न् ओळ लिहिलेला प्रोग्राम, पुढे अनेक वर्षे सापडत नव्हता. २०१२ साली त्यांच्या वडिलांना घरातील कपाटात फ्लॉपींचे एक खोके मिळाले आणि त्यात तो निघाला. जाणकारांनी जुने अ‍ॅपल संगणक जमवून त्या फ्लॉपी वाचल्या आणि मेकनर यांनी तो प्रोग्राम सर्वांना पाहण्यासाठी खुला केला. जगभर गाजलेल्या कृतीचा मूळ दस्तऐवज घरातल्या खोक्याच्या आधाराने जगला होता. अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन’ने २०२३ साली केलेल्या पाहणीनुसार त्या देशात प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात अधिकृतपणे उपलब्धच नाहीत.

येथे श्रावकाच्या मनात एक प्रश्न उभा राहायला हवा. बाजारात मिळत नाही म्हणून ती वस्तू कोणाचीच नाही, असे म्हणता येईल काय? अचौर्य अणुव्रताचे उत्तर स्पष्ट आहे: न दिलेले घेऊ नये. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ हा संगणकाच्या प्रोग्रामला साहित्यकृतीचेच संरक्षण देतो आणि लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत ते टिकते. खेळ विसरला गेला म्हणून हक्क संपत नाही. त्याच कायद्याने प्रोग्रामची प्रत रीतसर बाळगणाऱ्याला जपणुकीसाठी नक्कल काढण्याची मुभा मात्र दिली आहे. खोक्यातील विकत घेतलेल्या फ्लॉपीची नक्कल काढणे आणि कोठून तरी फुकट उतरवून घेणे, यांतील अंतर एवढे उघड आहे. त्या दशकात एकाच फ्लॉपीवरून साऱ्या गल्लीला खेळ वाटले गेले, हेही प्रामाणिकपणे मान्य करावे लागेल. आता ती चूक दुरुस्त करण्याची सोय आहे. पोलंडच्या ‘जीओजी’ या विक्रेत्याने २००८ पासून जुने खेळ, बहुधा डॉसबॉक्ससह, हक्कधारकांच्या परवानगीने आणि माफक किमतीत विकायला काढले आहेत. ‘एज ऑफ एम्पायर्स’सारखा १९९७ चा खेळ २०१८ साली नव्या रूपात पुन्हा आला.

व्रताचा हिशेब बाजूला ठेवला, तरी व्यवहाराचा हिशेबही तेच सांगतो. फुकटच्या खेळासोबत बरेचदा विषाणू येतो. ज्या संगणकावरून जीएसटीचे विवरणपत्र जाते आणि बँकेचे व्यवहार होतात, त्यावर अनोळखी ठिकाणचा खेळ उतरवणे म्हणजे गल्ल्याची किल्ली परक्याच्या हाती देणे होय. खेळांसाठी घरातील वेगळा, जुना लॅपटॉप वापरणे उत्तम.

दुसरा प्रश्न अहिंसेचा. पडद्यावरचा वध खोटा असतो, हे खरे. परंतु पिठाच्या कोंबड्याचा बळी देणाऱ्या यशोधर राजाची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते ती याचसाठी. कोंबडा पिठाचा होता, संकल्प खरा होता आणि त्याचे फळ त्याला भवोभवी भोगावे लागले. म्हणून कोणता खेळ पुन्हा जिवंत करायचा, हे आई-वडिलांनी विवेकाने ठरवावे. निवडीला वाव पुष्कळ आहे. बुद्धिबळाचे जुने प्रोग्राम आहेत, नगररचना शिकवणारा १९८९ चा ‘सिमसिटी’ आहे. ख्रिस सॉयर यांचा १९९४ चा ‘ट्रान्सपोर्ट टायकून’ तर व्यापारी घरासाठीच घडवल्यासारखा वाटतो. त्यात कर्ज काढून रेल्वे आणि रस्ते उभारायचे, माल वाहायचा, व्याज भरायचे आणि वर्षाअखेर जमाखर्च तपासायचा. जुन्या गाड्यांचे मूल्य घटते, हे घसाऱ्याचे तत्त्वही मुलांना खेळता खेळता कळते. ‘ओपन-टीटीडी’ या नावाने स्वयंसेवकांनी २००४ पासून त्याचा मोफत अवतार जोपासला आहे. त्यासाठी डॉसबॉक्सचीही गरज नाही.

जुनी कृती नव्या साधनावर आणण्याची ही खटपट आपल्या समाजाला नवीन नाही. मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत षट्खंडागमाच्या टीकेची ताडपत्रे जुन्या कन्नड लिपीत शतकानुशतके जपलेली होती. ती पूजली जात. वाचू शकणारे मात्र विरळा होते. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्यासारख्या श्रावकांच्या पुढाकाराने त्यांच्या नकला काढण्याचे काम सुरू झाले. ते अनेक वर्षे चालले आणि १९३९ साली प्रा. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली पहिला भाग अमरावतीहून देवनागरीत छापला गेला. लिपी बदलली, ताडपत्राच्या जागी कागद आला, आशय तोच राहिला. उलट उदाहरणही आहे. पापपुण्याच्या सोपानावरून सिद्धशिलेकडे नेणारा आपला ज्ञानबाजीचा पट आणि त्याची भावंडे परदेशी जाऊन ‘सापशिडी’ झाली. तेथे चौकोन उरले, साप आणि शिड्या उरल्या आणि मोक्षमार्ग पुसला गेला. वस्तू पुढे नेताना काय सांभाळायचे, हे या दोन उदाहरणांवरून कळते. उत्पाद आणि व्यय चालूच राहणार. ध्रौव्य कशात आहे, तेवढे ओळखायचे असते.

म्हणूनच त्या खोक्यातील प्रत्येक फ्लॉपी पाहून घ्यावी. खेळांच्या शेजारी एखादीवर आजोबांच्या अक्षरात केवळ वर्ष लिहिलेले असेल. त्यात डॉसवरील टॅलीतील खतावणी असू शकते, घराण्याची वंशावळ असू शकते, एखाद्या चातुर्मासाची दात्यांची यादीही असू शकते. खेळासाठी शिकलेली कृती येथेही उपयोगी पडते, कारण जुना खेळ आणि जुना हिशेब एकाच भाषेत लिहिलेले आहेत.

कार्तिक शुद्ध पंचमीला पेढीवर लाभपंचमी असते आणि उपाश्रयात ज्ञानपंचमी. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी असते. या दिवशी ग्रंथ बाहेर काढायचे, धूळ झटकायची, वेष्टन बदलायचे आणि मग त्यांची पूजा करायची, असा प्रघात आहे. ज्या समाजाने ग्रंथभांडारे एवढी वर्षे टिकवली, त्याने पूजेइतकेच महत्त्व या झटकण्याला दिले होते. येत्या पंचमीला माळ्यावरचे खोकेही खाली उतरावे. बाप-लेकाने शेजारी बसून आधी नकला काढाव्यात आणि मग सायंकाळी अर्धा तास खेळावे.