विद्युत मोटरची अश्वशक्ती

विद्युत मोटरची अश्वशक्ती म्हणजे मोटरच्या फिरत्या दंडावर मिळणारी यांत्रिक शक्ती दर्शविणारा आकडा होय. कार्य करण्याच्या दरास शक्ती म्हणतात. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत शक्तीचे एकक वॅट आहे. एका सेकंदात एक ज्यूल कार्य घडल्यास ती शक्ती एक वॅट असते. भारतात पाण्याचे पंप, पिठाच्या गिरण्या इत्यादींच्या मोटरी आजही अश्वशक्तीनेच ओळखल्या जातात. विजेचा वापर मात्र किलोवॅट-तासांत, म्हणजेच 'युनिट'मध्ये मोजला जातो.

उगम व प्रकार

स्कॉटिश अभियंता जेम्स वॅट याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेच्या इंजिनाची घोड्यांशी तुलना करण्यासाठी हे एकक रूढ केले. त्याने एका घोड्याची शक्ती मिनिटाला ३३,००० फूट-पाउंड इतकी धरली. या एककाचे प्रमुख प्रकार असे:

* यांत्रिक अश्वशक्ती – सुमारे ७४५.७ वॅट
* मेट्रिक अश्वशक्ती – सुमारे ७३५.५ वॅट
* विद्युत अश्वशक्ती – ७४६ वॅट

विद्युत मोटरींसाठी ७४६ हा आकडा वापरतात.

रूपांतर

अश्वशक्ती = वॅट ÷ ७४६
वॅट = अश्वशक्ती × ७४६

उदाहरणार्थ, ३,७३० वॅट म्हणजे ५ अश्वशक्ती. नामपट्टीवर हे आकडे पूर्णांकित करून लिहितात, जसे, ०.७५ किलोवॅट (१ अश्वशक्ती), २.२ किलोवॅट (३ अश्वशक्ती), ३.७ किलोवॅट (५ अश्वशक्ती).

आदान शक्ती व प्रदान शक्ती

नामपट्टीवरील शक्ती ही दंडावर मिळणारी, म्हणजे प्रदान शक्ती असते. मोटर विजेच्या तारांतून घेते ती आदान शक्ती त्याहून नेहमीच अधिक असते, कारण काही ऊर्जा तारांच्या वेटोळ्यांतील उष्णता, लोखंडी गाभा व घर्षण यांत खर्च होते. प्रदान व आदान शक्तींच्या गुणोत्तरास कार्यक्षमता म्हणतात.

आदान वॅट = (अश्वशक्ती × ७४६) ÷ कार्यक्षमता

साडेसात अश्वशक्तीच्या मोटरची प्रदान शक्ती ५,५९५ वॅट असते. तिची कार्यक्षमता ८६ टक्के असल्यास पूर्ण भारावर ती सुमारे ६,५०० वॅट वीज घेते व एका तासात सुमारे साडेसहा युनिट खर्च होतात. मोजलेल्या ६,५०० वॅटना थेट ७४६ ने भागल्यास ८.७ अश्वशक्ती असे चुकीचे उत्तर मिळते. म्हणून मोजलेल्या वॅटना प्रथम कार्यक्षमतेने गुणून मगच भागाकार करावा लागतो.

महाराष्ट्रातील महत्त्व

महाराष्ट्रात मीटर नसलेल्या कृषिपंपांची वीजआकारणी मोटरच्या अश्वशक्तीनुसार होते. 'मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना २०२४' हीसुद्धा साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांसाठी आहे. त्यामुळे आदान व प्रदान शक्तींतील भेद शेतकऱ्यांच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरतो.